रडतोय कोण? पापण्या आहेत!

रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी दिगंबरकाका पाय मोकळे करून येईपर्यंत निम्मा रावपुरा त्यांचं सांत्वन करून टाकतो. पापण्यांच्या कडा कायम लालभडक, डोळ्यांत पाणी. “काका, शुं थयुं?” रिक्षावालेसुद्धा थांबून गुजरातीत विचारतात, काय झालं म्हणून. काका खेकसतात, “रडतोय कोण? पापण्या आहेत!” आणि मग खाज कधी सुटते, सकाळी पापण्या कशा चिकटतात, सगळं साग्रसंगीत.

एकदा तर कहर झाला. समोरच्या हंसाबेननी लांबूनच डोळे पाहिले आणि परस्पर ठरवलं, काकांचं कुणीतरी गेलं. संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं बेसण्याला, म्हणजे दुखवट्याला, हजर! हात जोडून, माना खाली. काका म्हणाले, “मेलं कुणी नाही. पण आलाच आहात तर चहा घ्या.”

माझा संताप वेगळाच. औषधाचा दुकानदार डॉक्टरची चिठ्ठी न बघता काकांना डोळ्यांचे थेंब देतोच कसा? यावर मी पत्रकं छापून वाटली आहेत. काकांनी त्यांना दिलेल्या पत्रकात बडीशेप बांधली. शेवटी मीच त्यांना स्कूटरवर घालून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरबाईंनी यंत्रातून पाहिलं. “पापण्यांच्या कडांना जुनी सूज आहे. केसांच्या मुळाशी कोंडा, तेलाच्या ग्रंथी तुंबलेल्या. हे समूळ जात नाही, पण ताब्यात राहतं. रोज मिटल्या डोळ्यांवर गरम कापडाचा शेक, मग हलक्या हाताने कडांची सफाई. बरं वाटलं तरी सोडायचं नाही.”

“म्हणजे दात घासल्यासारखं?”

“अगदी तसंच, काका.”

काकांनी नेमाने केलं. डोळे लख्ख झाले. मी गल्लीभर मिरवले.

आणि दिवाळीनंतर पाहते तर कडा पुन्हा लाल! मी भडकलेच. “शेक का सोडलात? तुमच्यासारख्या लोकांमुळेच...”

“ओरडू नकोस गं,” काका म्हणाले. “बरा झाल्यापासून मी गल्लीच्या या टोकाला निघतो नि त्या टोकाला पोचतो. मधे कुणी थांबवतच नाही.”

 

मी त्यांच्याच स्वयंपाकघरात पाणी तापवलं, कापड पिळलं. “डोळे मिटा.” मिटले. “हं, आता सांगा, सकाळपासून काय काय केलंत?”

कापड गार झालं. पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं. काका अजून दूधवाल्यापर्यंतच पोचले होते.