सगळेच साडेपाच

"साडेपाच!" कारकून ओरडले आणि चहात बुडवायचा टोस्ट त्यांनी पाण्याच्या ग्लासात बुडवला.

"साडेपाच कुठले? आठ वाजून गेले," बायको बुटाची लेस बांधता बांधता म्हणाली. बुटांच्या दुकानात ती व्यवस्थापक होती आणि नऊला शटर उघडायचं असायचं.

"वेळ नाही गं, सरासरी! बारा खेळाडू, दहा परीक्षक, एक ते दहा गुण. सगळ्यांची सरासरी साडेपाच! कुणी पाच पॉइंट चार, कुणी पाच पॉइंट सहा. पाच वेळा बेरीज केली. अकराला बैठक आहे आणि माझ्या हातात हे!"

कारकून क्रीडा मंडळात नोकरीला होते. मैदानाचं फाटक उघडणं, फॉर्म छापणं, बैठकीत इतिवृत्त लिहिणं आणि काहीही बिघडलं की बोलणी खाणं, एवढी त्यांची कामं. यंदा मोठ्या स्पर्धेला बारातले सहा जण पाठवायचे होते. एका दिवसाच्या चाचणीवर निवड नको, वर्षभराचा खेळ बघून प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक खेळाडूला एकच आकडा द्यावा, असं ठरलं. तसा फॉर्म कारकुनांनीच तयार केला आणि आता त्याच फॉर्मने त्यांचा घाम काढला होता.

त्यातही एक गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती. यादीत सगळ्यात खाली होती टोळ. उंच उडीवाली मुलगी, पाय कानापर्यंत, म्हणून सगळे तिला टोळ म्हणत. वयोगटात तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पहाटे कारकून फाटक उघडायला जात तेव्हा ती आधीच बाहेर उभी असायची, वर्षभर, एक दिवस चुकला नाही. आणि यादीत पहिली कोण? तर अध्यक्षांची भाची, जी सरावाला येऊन उडीच्या गादीवर मोबाइल बघत लोळायची.

"हे बघ," बायको म्हणाली, "आमच्याकडे बापलेक येतात. बापाला दहा नंबर लागतो, लेकाला दोन. सरासरी सहा. म्हणून मी दोघांपुढे सहाचे बूट ठेवते का? मार खाईन! आम्ही कुठल्या मापाचे किती जोड गेले ते मोजतो. आण ते कागद इकडे."

तिने बुटाच्या खोक्याचं झाकण उलटं केलं, खाली ओळीने एक ते दहा आकडे लिहिले आणि टोळच्या प्रत्येक गुणासाठी त्या त्या आकड्यावर एकेक चौकोन रचत गेली. एकवर तीन चौकोन, दोनवर दोन. नऊवर तीन, दहावर दोन. मधे काहीच नाही.

"बघ, इथे कुणालाच साडेपाच वाटत नाही. निम्म्यांनी तिला डोक्यावर घेतलंय आणि निम्म्यांनी पायदळी तुडवलंय. असं का, ते विचार त्यांना."

"मी विचारू? अध्यक्षांना?"

"मग काय मी येऊ, दुकान बंद करून?"

कारकून कागद गोळा करू लागले. एक गोष्ट त्यांनी बायकोपासून लपवली होती. अध्यक्ष दरवर्षी त्यांच्या कामालाही दहापैकी गुण देत आणि सात वर्षांत सहा वेळा त्यांना एक मिळाला होता. फक्त तिसऱ्या वर्षी चार मिळाले, तेव्हा आनंदाच्या भरात ते घरी आइसक्रीम घेऊन आले होते. एक गुणवाल्या माणसाने दहा परीक्षकांना जाब विचारायचा म्हणजे फारच झालं.

मंडळाच्या दारात बाकावर टोळ बसली होती. "काका, माझं नाव आहे ना?" तिने विचारलं.

"अजून बैठक व्हायचीय," कारकून म्हणाले आणि झाकण काखेत दडपून आत सटकले.

आतल्या लांब टेबलाची बसण्याची रीत वर्षानुवर्षं ठरलेली होती. खिडकीकडे धावण्याचे पाच परीक्षक, त्यात अध्यक्ष, जे स्वतः जुने धावपटू. भिंतीकडे उड्या-फेकीचे पाच. खिडकी उघडायची की नाही यावरसुद्धा या दोन बाजूंचं कधी जमलं नव्हतं.

अध्यक्षांनी यादी वाचायला घेतली. वाचता वाचता त्यांचा आवाज बसत गेला. "बारावी, टोळ. म्हणजे बाहेर." त्यांनी चष्मा काढला. "माझं मत वेगळं होतं. पण बहुमतापुढे काय बोलणार?"

"तुमचं मत वेगळं?" उडीच्या बाई ताडकन उठल्या. "तुम्हीच पाडलीत तिला, तुम्ही धावणाऱ्यांनी!"

"आम्ही? आम्ही तिला डोक्यावर घेतलंय! तुम्हीच आपल्या पोरीला खाली खेचलंत!"

"आम्ही?" गोळाफेकीच्या सरांनी टेबलावर मूठ आपटली तसे पाण्याचे दहाही कागदी कप हिंदकळले. मग जो कालवा माजला तो काही विचारू नका. लांब पल्ल्याचे सर तर न थांबता बोलत राहिले, त्यांना सवयच होती.

कारकुनांनी काखेतलं झाकण चाचपलं. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण भिंतीपलीकडे ती पोरगी बसली होती. ते उभे राहिले.

"पाणी प्या!" ते ओरडले.

दहाही माना त्यांच्याकडे वळल्या. कारकून ओरडू शकतात हे त्यांना माहीतच नव्हतं.

"सगळ्यांनी पाणी प्या आणि कप रिकामे करा. भांडण मिटवायचंय." त्यांनी टेबलाच्या कडेने खडूने एक ते दहा आकडे लिहिले. "आता प्रत्येकाने टोळला जो आकडा दिलाय, त्याच्यावर आपला कप पालथा घाला. कप आधीच असेल तर त्याच्यावर चढवा. खोटं बोलू नका, फॉर्म माझ्याकडे आहेत."

हुकूमच असा होता की सगळे निमूट उठले. उडीच्या बाईंनी दहावर कप ठेवला. गोळाफेकीच्या सरांनी नऊवर. भिंतीकडचे पाचही कप नऊ-दहावर चढले. मग अध्यक्ष आले आणि त्यांनी आपला कप ठेवला एकवर. त्यांच्यामागून खिडकीकडचे चारही जण आले आणि एक-दोनवरच कप रचून गेले. टेबलाच्या दोन टोकांना दोन-दोन मनोरे उभे राहिले आणि मधलं टेबल मोकळं.

"एक?" गोळाफेकीच्या सरांचा चेहरा लालबुंद झाला. "त्या पोरीला एक? वर तोंड करून सांगता, डोक्यावर घेतलंय म्हणून?"

"मग काय देऊ? एकच्या वर काय असतं?" अध्यक्ष गरजले.

"दोन असतं!"

"दोन म्हणजे मागे पडली की हो! शर्यतीत पहिला येतो तो मोठा की दहावा?"

"आणि गोळा एक मीटर गेलेला मोठा की दहा मीटर?"

उडीच्या बाईंनी हळूच एक फॉर्म ओढून वाचला. "एक ते दहापैकी एक आकडा लिहावा. एवढंच आहे हो इथे. चांगला कुठला आणि वाईट कुठला ते लिहिलंच नाही."

"फॉर्म केला कुणी?" अध्यक्षांनी विचारलं.

कारकुनांनी हात वर केला. "मी. चूक माझी आहे. मला काय ते बोला, पण आधी ते पाच कप उचलून पलीकडे न्या. एकचे दहावर, दोनचे नऊवर."

कप सरकले. नऊवर पाच, दहावर पाच, शेजारी शेजारी दोन उंच मनोरे. "साडेनऊ!" कारकून म्हणाले आणि या खेपेला साडेपाच आलं नाही याचाच त्यांना इतका आनंद झाला, की आवाज फाटला. गोळाफेकीच्या सरांनी लांब पल्ल्याच्या सरांना मिठी मारली आणि ते प्रथमच बोलायचे थांबले.

मग बाराही जणांचे मनोरे रचले. टोळ पहिली आली. भाचीचे कप घसरून दोन-तीनवर आले आणि सगळे दबकत अध्यक्षांकडे बघू लागले.

"बघता काय? मी तिला नऊ दिले होते," अध्यक्ष म्हणाले. "पहिली आली म्हटल्यावर मलाच घेरी आली होती. बहिणीचा हट्ट म्हणून येते ती. घरी सांगून टाकतो, सुटेल बिचारी."

कारकून धावतच बाहेर गेले. "पहिली!" एवढंच त्यांना बोलता आलं. टोळने किंकाळी फोडली आणि समोरचा बाक पाठीसकट उभ्या जागेवरूनच ओलांडला. मग वळून परत ओलांडला. दारात दहाही परीक्षक टाळ्या वाजवत होते, खिडकीकडचे आणि भिंतीकडचे एकमेकांत मिसळून. कारकुनांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"कारकून," अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला, "फॉर्म चुकलात, पण बोललात. म्हणूनच सात वर्षं तुम्हाला एक देत आलोय."

कारकुनांनी बोटांवर वर्षं मोजली. "साहेब, आणि तिसऱ्या वर्षी चार?"

"तिसऱ्या वर्षी तुम्ही फाटकाची किल्ली हरवलीत आणि सगळं मंडळ कुंपणावरून चढून आत आलं. माझी विजार फाटली. पाच देणार होतो, पण दया आली."

संध्याकाळी बायको दुकानातून आली तर टेबलावर आइसक्रीमचा मोठा डबा.

"आज काय विशेष?"

"टोळ चालली स्पर्धेला! आणि मला कामाचे गुण मिळाले. एक!"

"दहापैकी?"

"दहापैकी एक! सात वर्षांत सहा वेळा!" कारकून छाती फुगवून म्हणाले.

बायकोने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं आणि मग दोन चमचे आणले.