सन्मानपूर्वक हकालपट्टी

आमचं विद्यापीठ छोटं आहे. साहित्य, तत्त्वज्ञान, संगीत, इतिहास असं पोटापाण्याला निरुपयोगी सगळं इथे मनापासून शिकवलं जातं. मी इतिहास शिकवतो. त्यामुळे माहितीपत्रकातलं 'ठळक तथ्ये आणि इतिहास' हे पान ओघानेच माझ्या गळ्यात पडलं.

स्थापना, ग्रंथालय, तळं, तळ्यातली बदकं, इथवर गाडी सुरळीत चालली. 'नामवंत माजी विद्यार्थी' या मथळ्यापाशी अडली. जगाला ठाऊक असलेला एकच निघाला, एक नाटककार. तो माझा वर्गमित्र. त्याला दुसऱ्याच वर्षी हाकलून दिलं होतं. सुवर्णपदक मला मिळालं होतं.

"मग बिघडलं कुठे?" कुलगुरू म्हणाले. "हाकललं कुणी? आपणच ना? श्रेय आपलंच!"

मी निमूटपणे लिहिलं: 'प्रतिभा वेळीच ओळखून तिला बाहेर काढण्याची उज्ज्वल परंपरा.'

पुढच्या वर्षी प्रवेशासाठी झुंबड उडाली. पालक पहिल्याच दिवशी विचारू लागले, "आमच्या बाळाला साधारण कधी हाकलाल?" मग रीतसर हकालपट्टी विभाग निघाला. त्याला परीक्षा आली, परीक्षेला शिकवण्या आल्या. मुलं बंडखोरीची नमुना-उत्तरं घोकून, हजेरी लावून, एका रांगेत वर्गाबाहेर पडू लागली. ज्यांना हे जमेना त्यांची पदवी देऊन बोळवण होऊ लागली.

त्यात माझी मुलगी. गुणी पोर. तिला नाटकं लिहायची होती, म्हणजे हकालपट्टी हवीच. हकालपट्टीच्या मुलाखतीत टेबलावर पाय ठेवायचे असं तिने ठरवलं होतं. ठेवले, पण आधी चपला काढल्या. काढल्या त्या काढल्या, वर नीट जोडून ठेवल्या!

"वडील काय करतात?" समितीने विचारलं.

"इथेच शिकवतात. इथलेच सुवर्णपदक विजेते."

समिती हळहळली म्हणे.

पोर घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. "बाबा, तुम्ही एकदा तरी नापास व्हायचंत ना!"

"जा, कुलगुरूंकडे शब्द टाका," बायको म्हणाली. "तुमचा शब्द म्हणजे काय, पडला तरी आवाज होत नाही. पण टाका."

मी गेलो. जन्मात पहिल्यांदा टेबलावर मूठ आपटली. "माझ्या मुलीला हाकला, नाहीतर मी राजीनामा देतो!"

कुलगुरूंचे डोळे चमकले. तेवढ्यात मुठीच्या दणक्याने त्यांचा चहा सांडला. मी लगबगीने रुमाल काढून तो पुसला, बशीसुद्धा पुसली.

"बघा," ते कनवाळूपणे म्हणाले. "रक्तातच आहे हो तुमच्या."

मुलीला पदवी मिळाली, विशेष प्रावीण्यासह. समारंभात आम्ही दोघं नवरा-बायको पहिल्या रांगेत बसून रडलो. लोकांना वाटलं आनंदाश्रू.

तुम्ही हसत असाल. खुशाल हसा. पण एवढ्या वेळात 'पुरे झालं तुमचं पुराण' म्हणून एकदाही उठून गेला नाहीत. ओळीमागून ओळ वाचत शहाण्यासारखे शेवटापर्यंत आलात. अभिनंदन! तुमचीही पदवी तयार आहे. चपला काढून आत या.