मंगळागौरीच्या हिशेबानं वच्छलाबाई

शहाऐंशी सालच्या गणपतीत "पाहुण्यांचा परिचय मी करून देतो" असं दत्तोपंत म्हणाले, तेव्हा मंडळाच्या बैठकीतले सगळे एकदम मान खाली घालून चहा प्यायला लागले. गेल्या वर्षी त्यांनी एका चांगल्या धडधाकट डॉक्टरांचा परिचय 'कैलासवासी' म्हणून करून दिला होता. (डॉक्टर समोरच बसले होते. बिचाऱ्यांनी उठून नमस्कारही केला.) शेवटी अध्यक्ष नानासाहेबांनी होकार दिला, पण यंदा एक जरी चूक झाली तर पुढच्या वर्षीपासून मंडपाच्या दाराशी चपला सांभाळायच्या, या अटीवर.

आणि पाहुण्या कोण, तर वच्छलाबाई सोयगावकर. यांची भजनं लागल्याशिवाय गारखेड्यात सकाळचं दूध उतू जात नसे. बाईंचा गळा जितका गोड, तितका स्वभाव काटेकोर. जालन्याला कुणीतरी त्यांच्या गुरूंचं नाव भलतंच घेतलं, तर पेटी मिटून त्या सरळ मोटारीत जाऊन बसल्या होत्या म्हणे.

दत्तोपंत माहिती गोळा करायला निघाले. पेपरात एक साल, रेकॉर्डच्या पाकिटावर दुसरं, आणि शेजारचे बद्रीनाथ छातीवर हात ठेवून तिसरंच सांगत. मग त्यांना आठवलं की घरातच एक बाई आहे, जिनं वच्छलाबाईंचं एकही भजन चुकवलेलं नाही.

कालिंदीबाई वर्षं सनात मोजत नसत. व्रतांत मोजत.

"रेडिओवर पहिलं भजन ना? माझी तिसरी मंगळागौर," त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "पत्री वेगळी करत होते आणि आवाज आला. हातातला आघाडा हातातच राहिला बघा. आणि रेकॉर्ड निघाली ती पाचवीला. उद्यापनाच्या वर्षी."

दत्तोपंतांना हर्ष झाला. लग्नानंतर पाच वर्षं ओळीनं श्रावणात मंगळागौर पुजायची, म्हणजे लग्नाचं साल धरून बोटं मोजली की वच्छलाबाईंचं अख्खं आयुष्य हातात. आता लग्नाचं साल ही काही बायकोला विचारायची गोष्ट नव्हे. कचेरीत ते कायम झाले साठ साली. कायम झाल्याशिवाय मुलगी देणार नाही, असं सासरेबुवांनी बजावलं होतं. म्हणजे लग्न साठच्याच मार्गशीर्षातलं. शिवाय गेल्या मार्गशीर्षात त्यांनी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस केला होता. कालिंदीबाईंना मोरपंखी साडी, कॉलनीभर पेढे. याहून पक्का पुरावा कोणता?

कार्यक्रमाच्या संध्याकाळी भाषण छान रंगलं. सगळे हयात होते. "सन एकोणीसशे त्रेसष्टच्या श्रावणात बाईंचा आवाज प्रथम रेडिओवर आला," दत्तोपंत खड्या आवाजात म्हणाले, "आणि पासष्ट साली पहिली रेकॉर्ड..."

पेटीच्या भात्यावरचा हात थांबला.

"भाऊ, तुम्ही तर मला एकेक वर्ष मागं नेलं," वच्छलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "रेडिओ चौसष्टचा. माझा बाप त्रेसष्टच्या दिवाळीत गेला. त्यानं एक डाव जरी ऐकलं असतं, तर मला अजून काय पाहिजे होतं?"

 नानासाहेब चपलांच्या ढिगाकडं बघू लागले.

इथं माफी मागून मोकळं व्हायचं. पण दत्तोपंत पडले कारकून, हाती पुरावा असताना माघार कशी घेणार? हे साल घरच्या मंगळागौरीवरून काढलं आहे, ते चुकायचं नाही, असं त्यांनी भर मंडपात सांगितलं.

मंगळागौर म्हटल्यावर बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी बायकांच्या बाजूला नजर टाकली. "कोण हाय ती माऊली?"

कालिंदीबाई पदर सावरत उठल्या. तिसरी मंगळागौर, पत्री, आघाडा, सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

"मग लगीन कंदी झालं तुमचं?"

कालिंदीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, मग गणपतीकडं. चार लोकांत नवऱ्याला खाली बघायला लावायचं त्यांच्या मनात नव्हतं आणि देवासमोर खोटं तर बोलवत नव्हतं.

"साल ह्यांनाच विचारा," त्या म्हणाल्या. "मला एवढंच ठाऊक, वडाला दोरा गुंडाळला तो यंदा पंचविसावा."

बायकांच्या बाजूला भराभर बोटं मोजली गेली. दत्तोपंतांच्या कितीतरी आधी सगळ्या उत्तराला पोचल्या: लग्न साठचं नव्हे, एकसष्टचं.

"म्हंजी पेढे आपण चोविसाव्याचे खाल्ले व्हय?" कॉलनीतल्या साळूबाई म्हणाल्या.

मंडप जो हसला, तो थांबेना. वच्छलाबाईही डोळे पुसत हसत होत्या. "बाईची मंगळागौर बरोबर हाय, माझं सालबी बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "चुकलंय ते निस्तं लगीन." आणि त्यांनी भाता उघडला. पहिलं भजन त्यांनी तेच म्हटलं, बापानं न ऐकलेलं. कालिंदीबाईंनी ते डोळे मिटून ऐकलं, पुन्हा हातात आघाडा असल्यासारखं.

निघताना नानासाहेबांनी दत्तोपंतांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षी चपला, हे ठरलंच. "फक्त सांभाळायच्या. मोजायला बसू नका," तेवढं त्यांनी प्रेमानं सांगितलं.

 घराकडं जाताना दत्तोपंत न राहवून म्हणाले, "अगं, गेल्या वर्षीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं साडी आणलीत. कशाला मोडता घालू?" कालिंदीबाई म्हणाल्या. "म्हटलं, खरा पंचविसावा येत्या मार्गशीर्षात आहेच की."

दत्तोपंतांच्या डोळ्यांपुढं दुसरी साडी उभी राहिली. त्यांनी विषय बदलला. "वडाला अजून सात जन्म हाच नवरा मागतेस ना?"

"मागते की. पण ते जन्म मोजायचं मी माझ्याकडंच ठेवलंय. तुमच्यावर सोपवलं, तर सहाव्यातच सातवा म्हणून पेढे वाटून मोकळे व्हाल."