एकवीस नंबरचं दार

आमच्या शेळगावात लोक पाण्याच्या टाकीवर नातवंडांची नावं रंगवतात. आमचे शेजारी नामदेवतात्या यांनी आपल्या मोबाइलचा पत्ता रंगवला. आयपी ॲड्रेस म्हणतात तो, तीन टिंबांनी तोडलेला लांबलचक आकडा, लाल ऑइलपेंटमध्ये, आणि तोही रस्त्यावरून दिसणार नाही अशा बाजूला.

मला नीटनेटकेपणाची खोड. मी म्हटलं, “तात्या, पाटी चुकीच्या अंगाला झाली.”

“असू द्या बाई. ज्यानं बघायची त्याला दिसती.”

मुलांनो, तुम्ही फोटो क्लाउडवर ठेवता. तात्यांना ते मान्य नाही. “ढगात ठेवलेलं कुठं बरसंल, काय भरवसा?” त्यांनी फोनमध्ये एक ॲप घेऊन फोनचाच सर्व्हर केला आहे. ओट्यावर बसायचं, त्यांच्या वायफायला जोडायचं, पत्ता टाकायचा, आणि डाळिंबाच्या छाटणीचे व्हिडिओ, भजनं, लग्नाचे फोटो, हवं ते घेऊन जायचं. पासवर्ड नाही. “पाव्हण्याला कुणी पासवर्ड इचारतं व्हय?” चहा मात्र सक्तीचा.

पण एक गोष्ट त्यांना खात होती. सर्व्हरला पोर्ट लागतं. तात्या त्याला दार म्हणतात. फायलींचं रिवाजाचं दार एकवीस. ते उघडं असलं की नुसता पत्ता टाकून भागतं. फोन मात्र एक हजार चोवीसच्या खालची दारं साध्या ॲपला उघडूच देत नाही. ॲपनं त्यांना दिलं एकवीसशे एकवीस, आणि हा नंबर पत्त्यापुढं लिहिल्याशिवाय कुणाला आत येता येत नाही.

“फोन माझा, चार्जिंग माझं, अन् दार कुणाचं?” तात्या गरजले.

मी समजावलं, “पाटाची मोठी दारं नाही का पाटकऱ्याच्या हातात? आपल्या हातात आपल्या शेतातली. तसंच हे.”

“पाटकरी भेटतो तरी! हितं कुणाला गाठू?”

त्यांनी कस्टमर केअरच्या मुलीला इतकं सतावलं, की शेवटी ती “आजोबा, जेवलात का?” असं विचारू लागली. मग तात्या बारामतीच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, कुलूप तोडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. तात्यांनी फोन उचलून बंडीच्या खिशात घातला आणि उलट पावली एसटी गाठली.

“मग टाकीवर पुढं नंबर लिहा की,” मी म्हटलं. “एवढा हट्ट कशाला?”

तात्यांनी डाळिंब सोलायला घेतलं. मग म्हणाले, “दादानं मला शिकवलंय, फायलीचं दार एकवीस. तो तितंच येणार. न्हाय उघडलं की म्हणंल, ह्याला एवढंबी धड येत न्हाय.”

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होते. त्यांचं घर टाकीपलीकडं, तात्यांचं वायफाय पोचेल इतक्या अंतरावर. विहिरीच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद झालं, ते आईच्या तेराव्यालाही सुरू झालं नाही. पाटी कुठल्या अंगाला आहे, ते मला तेव्हा उमगलं.

“दादाच्या पोरीच्या लग्नाची कॅसेट वाटणीत माझ्या कपाटात ऱ्हायली,” तात्या म्हणाले. “आता फोनात घेतलीय. कॅसेटीला बुरशी आली, म्हंजी आता हाय ती एवढीच. तिच्यात आई चालती हाय, बोलती हाय.”

“मग पाठवून द्या ना.”

“दिली तर परत लावून दील. आपल्या हातानं घेतली तर ठिवील.”

दुसऱ्या दिवशी तात्या शिडी लावून टाकीवर चढले आणि पत्त्यापुढं एकावर एक दोन टिंबं देऊन एकवीसशे एकवीस लिहिलं. रंग ओघळला. “हसंल आता,” असं पुटपुटत उतरले.

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. तात्यांनी फोनला चार्जरवरून काढलं नाही, की स्वतः बाजाराला गेले नाहीत. मग एका दुपारी मी वाटीभर लोणचं द्यायला गेले, तर ते खिडकीपाशी फोनसमोर ताठ बसलेले. ओट्यावर कुणी नव्हतं, तरी पडद्यावर एक पाहुणा जोडलेला दिसत होता. लग्नाची फाइल हळूहळू बाहेर चालली होती.

“तात्या, दादा—”

“शूऽ! फोन तापलाय. बंद पडंल.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि फोनला वारा घालू लागले. पलीकडच्या घराकडं एकदाही पाहिलं नाही.

“घिऊ दे सावकाश,” ते म्हणाले. “म्या बसलोय.”