काटा तांबड्यात

सासरे शेजारी बसले की चष्मेवाल्याला गाडी चालवणं नको व्हायचं. सासरे निवृत्त गायनशिक्षक. ते डोळे मिटून इंजिन ऐकायचे आणि मध्येच ओरडायचे, "जावईबापू, पट्टी चढली! गियर बदला!" गाडी जुनी, इंजिनचे फेरे दाखवणारा मीटर तिच्यात नव्हताच. त्यामुळे उलट बोलायला पुरावा नव्हता.

रविवारी त्यांना स्टेशनवर सोडायचं होतं. निदान तेवढा प्रवास शांततेत व्हावा म्हणून चष्मेवाल्याने स्पेअर पार्टचं दुकान गाठलं.

"हा घ्या फेऱ्यांचा मीटर," दुकानदार म्हणाला. "कुठल्याही गाडीला चालतो. मागं बटण आहे. दोन, चार, सहा, आठ. तुमच्या गाडीला सिलेंडर किती?"

चष्मेवाल्याने बॉनेट उघडलं होतं ते फक्त पाणी घालायला. त्याने घरी फोन लावला.

"अगं, आपल्याकडे सिलेंडर किती?"

"दोन," बायको म्हणाली. "त्यातला एक संपत आलाय." मागे कुकरची शिट्टी झाली आणि फोन बंद झाला.

"दोन आहेत," चष्मेवाल्याने गंभीरपणे सांगितलं. "पैकी एक जरा कमजोर आहे."

"जुनी गाडी म्हणजे व्हायचंच," म्हणत दुकानदाराने बटण दोनवर लावलं.

रविवारी नवा मीटर बसवलेली गाडी गल्लीबाहेर पडते न पडते तोच काटा तांबड्या पट्ट्यात शिरला. सासऱ्यांनी डोळे उघडले ते मिटलेच नाहीत.

"जावईबापू, तांबडं! पाय काढा!"

"पण बाबा, आवाज नेहमीसारखाच आहे."

"आवाजाचं काय घेऊन बसलात? कान फसवतात माणसाला. काटा बघा!"

जन्मभर कानावर जगलेला माणूस हे म्हणत होता. चष्मेवाल्याने पाय काढला. गाडी आचके देत सरकू लागली. सायकली पुढे गेल्या. भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजीबाई बराच वेळ खिडकीशेजारून चालल्या, मग कंटाळून पुढे निघून गेल्या. मागच्या सीटवरची बायको उतरली, वडलांसाठी पाण्याची बाटली घेऊन आली आणि चालत्या गाडीत परत बसली.

"बाबा, ट्रेन चुकेल हो," ती रडकुंडीला आली.

"चुकू दे. इंजिन फुटलं तर?"

ट्रेन चुकली. तिचा शेवटचा डबा तिघांनीही पुलावरून पाहिला.

स्टेशनसमोरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, मग मीटर काढून मागून पाहिला. "सिलेंडर चार आहेत, मीटर दोनवर लावलाय. काटा दुप्पट दाखवतोय. दोन कोणी सांगितलं?"

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं. "माझंच चुकलं."

बटण चारवर गेलं. सासऱ्यांनी स्टेशनजवळच्या मैदानाला एक फेरी मारायला लावली. काटा कसा अदबीने मधोमध उभा राहिला. त्यांचा चेहरा खुलला.

"बाबा, उद्याचं तिकीट काढून आणतो," चष्मेवाला घाईघाईने उतरू लागला.

"तिकीट कशाला? गाडी तर ठणठणीत आहे!" सासऱ्यांनी त्याचा दंड धरला. "घरापर्यंत तुम्हीच सोडा. सहाशे किलोमीटर म्हणजे काही फार नाही. मी काटा वाचत राहतो, तुम्ही फक्त रस्ता बघा."