पळतो लई, खातो न्हाय

“सोळा पाय हाईत, पळतो लई, पर खातो न्हाय काही!” ओसरीवरून नानांचा आवाज आला. मला वाटलं, एखादा किडा सापडला असावा. बाहेर आले तर त्यांच्या तळहातावर रेडिओत असते तशी काळी, चपटी चिप होती: काम झटपट, वीज जेमतेम.

नाना आमचे बेंबळीतले शेजारी. दूध सोसायटीतून निवृत्त झालेले, घरात एकटे, सोबतीला दुरुस्तीसाठी उघडलेले रेडिओ. त्या वर्षीच्या दुष्काळात ते बैलापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना एकच माप लावत: पळतो किती, खातो किती. चेअरमन कधीच पास झाले नाहीत.

मी सोलापूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून चिपसोबतचा कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतला. प्रत्येक शब्द मला कळत होता. सगळे मिळून काय म्हणतात, ते कळेना. नाना मात्र मान डोलावत होते. “तीन तारांनी सांगायचं, हा आठांतली एक निवडतो. डीकोडर म्हनत्यात ह्याला.”

गावात गल्ल्या आठ. टँकर विहिरीत रिकामा झाला, की ज्या गल्लीची पाळी तिनं आधी भरायचं. पाळी ओरडून सांगत, आणि त्यावरून भांडणं होत. नानांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर प्रत्येक गल्लीत एक दिवा टांगला. दिवा लागेल त्या गल्लीनं निघायचं.

पहिली पाळी आमची. नानांनी बटणं दाबली. आमचा सोडून सातही दिवे लागले. सात गल्ल्या घागरी घेऊन धावल्या, आम्ही दिव्याकडे बघत दारात. कळेपर्यंत विहिरीचा तळ दिसत होता.

“नाना, तुमचा किडा उलट्या काळजाचा हाय!” आमच्या गल्लीतल्या सखूमावशी कडाडल्या. त्यांच्या घरी बाळंतीण होती.

“निवडलेली तार बंद करतो, बाकीच्या चालू. सवभावच हाय त्याचा,” नाना पुटपुटले. “उलटं करनारी दुसरी चिप पुन्याहून मागवतो.”

“तवर काय चिप पिऊ?” मावशी दिव्याची तार उपटायला निघाल्या.

ज्याला निवडलं त्यालाच विझवणारी वस्तू कुणी का बनवावी, हे मला अजून समजत नव्हतं. मी हळूच विचारलं, “नाना, साधा भोंगा नसता चालला?”

ते सुटलेली तार गुंडाळू लागले. “आमच्या मंडळीला ऐकू येत नव्हतं. मी डूटीवर. पान्याची हाक व्हायची, आन ती दारात तशीच बसून ऱ्हायची. मी आलो की रिकामी घागर दाखवून हसायची.” दिव्याकडे बोट करून म्हणाले, “आता ती न्हाय. पर गावात आनखी कुनी असंलच की, बाई.”

तिकडे मावशींनी तार मुठीत धरली होती. गल्लीत मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

“मावशी, तार सोडा! आज सातही गल्ल्यांत घागरभर पाणी मागायला मी येते तुमच्याबरोबर. आणि उद्यापासून दिवा विझला, की निघायचं!”