कोरड्या दिवसांचे दोन मिलिमीटर

गोगो न्यालुहांगाच्या दारातून आजवर एकही भांडं रिकामं परत गेलेलं नाही. कापेता गावात कुणालाही विचारा. नाही विचारलंत तरी गोगो सांगेलच. सारं गाव तिला गोगो, म्हणजे आजी म्हणतं. खरी नातवंडं नऊच. बाकीचे शेंगदाण्यांपुरते नातू. शेजारणीनं भोपळ्याच्या पाल्याचं कालवण पाठवलं, की वाडगं परत जाताना त्यात मूठभर शेंगा तरी असणारच. रिकामं भांडं परत करणारी बाई गोगोच्या लेखी बाईच नव्हे.

अशा या अंगणात एकोणीस वर्षांपूर्वी सरकारनं पाऊस मोजायचं भांडं बसवलं. तांब्याचं, उभं, भोवती तारेचं कुंपण. बसवायला आलेल्या साहेबानं नियम सांगितला: रोज सकाळी आठ वाजता भांड्यात जे असेल ते काचेच्या मापात ओतायचं, आकडा वाचायचा, तक्त्यात लिहायचा. भांड्यात आहे तेच लिहायचं, मनचं काही नाही. गोगो दुसरीपर्यंत शिकलेली, पण दुसरीतल्या आकड्यांनी जगाचं सगळं मोजून होतं असं तिचं मत. तिनं एक दिवस चुकवला नाही. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा आठ वाजता ती रडणाऱ्यांना जरा थांबवून कुंपणात जाऊन आली.

साहेब आधी रस्त्यापलीकडे गेला होता, तिच्या धाकट्या जावेकडे, न्याचावुलाकडे. तिच्या अंगणात आंब्याचं झाड होतं, झाडाखाली पाऊस कसा मोजणार, म्हणून तो इकडे वळला. न्याचावुलानं त्याच वर्षी आंबा तोडला. तेव्हापासून ती रोज अंगण झाडून वाट बघते आहे.

इकडे राजधानीत, लिलोंग्वेला, लुसुंगू हारावा नावाचा एक अधिकारी कागदांच्या ढिगात बसला होता. आपल्याकडे हवामानाचा अभ्यास कोण करतं, पाऊसवारा कुठे कुठे मोजतात, मोजणीत खंड किती, हे प्रत्येक देशाला काही वर्षांनी जगाला लिहून कळवावं लागतं. मोजणी केंद्रांचं प्रकरण लुसुंगूच्या गळ्यात पडलं होतं. ते लिहिताना त्याला घाम फुटला. एका केंद्राचं भांडं कुणीतरी चुलीवर चढवलं होतं. दुसऱ्याचे तक्ते वाळवीनं खाल्ले होते. तिसऱ्याचा मोजणारा लग्न करून टांझानियात गेला होता आणि जाताना माप घेऊन गेला होता. एकोणीस वर्षांत एकही खंड नाही असं देशात एकच केंद्र सापडलं. लुसुंगूनं कापेताचं नाव ठळक अक्षरांत छापलं.

अहवाल गेला. तपासणाऱ्या मंडळाकडून तीन महिन्यांनी नम्र प्रश्न आला. कापेताला मे ते ऑक्टोबर, जेव्हा आसपास शंभर मैलांत थेंब पडत नाही, तेव्हा रोज बरोबर दोन मिलिमीटर पाऊस पडतो. गेली एकोणीस वर्षं. कृपया खुलासा करावा.

लुसुंगूनं गोगोला फोन लावला. जरा चाचरत विचारलं, की हे दोनाचे आकडे खरे आहेत ना?

“भांड्यात होते म्हणून लिहिले,” गोगो म्हणाली. “मी कधी मनचं लिहिलं नाही. तुझ्या खात्यात किती जणांना असं म्हणता येईल?”

एवढं ऐकल्यावर पुढचं विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं गावाचा नकाशा काढला, गावामागे एक डोंगर दिसला, आणि त्यानं उत्तर पाठवलं: डोंगरावरून पहाटे भरपूर दव उतरतं, त्यावर संशोधन सुरू आहे. संशोधन म्हणजे तो स्वतः नकाशाकडे बघत होता तेवढंच.

आता मंडळातल्या बाई, पायवी त्यांचं नाव, फिनलंडच्या. त्यांनी आयुष्याची तीस वर्षं दवावर घालवली होती. दुसरा कुणी असता तर पुढचं पान उलटलं असतं. बाईंनी तिकीट काढलं.

वरिष्ठांनी लुसुंगूला बजावलं, की आकडे संशयास्पद निघाले तर केंद्र तिथल्या तिथे बंद करून भांडं काढून आणायचं. ही बातमी कापेताला त्याच्या गाडीच्या आधी पोचली. न्याचावुलानं लगेच नवं लुगडं नेसलं आणि अंगण दोनदा झाडलं. गोगोनं तांब्याचं भांडं राखेनं असं घासलं, की त्यात जावेचं लुगडं स्पष्ट दिसू लागलं.

पाहुणे सकाळी सातलाच आले. पायवीबाईंनी दव मोजायची आपली पेटी उघडून कुंपणाशी मांडली आणि डोंगराकडे तोंड करून बसल्या. लुसुंगू घड्याळाकडे बघत होता. न्याचावुला उघडपणे तारेला लटकली होती.

साडेसातला गोगो घरातून बाहेर आली. हातात नवऱ्याच्या तपकिरीच्या डबीचं झाकण, काठोकाठ पाण्यानं भरलेलं. पाहुण्यांना गुडघे वाकवून नमस्कार केला, कुंपणात गेली, भांड्यात डोकावली, झाकण त्यात रिकामं केलं आणि सावलीत येऊन बसली. आठ वाजता उठली, मापात ओतलं, आकडा वाचला. तक्त्यात लिहिलं: दोन.

पायवीबाईंनी लुसुंगूकडे पाहिलं. लुसुंगूनं डोंगराकडे पाहिलं.

“गोगो,” तो शेवटी म्हणाला, “हे पाणी तुम्ही घातलंत.”

“मग कोण घालणार? पाऊस असतो तेव्हा मी बोटसुद्धा लावत नाही. कोरड्या दिवसांत ते बिचारं उपाशी उभं असतं. परक्याचं भांडं माझ्या अंगणात रिकामं? सरकारचं झालं म्हणून काय झालं?”

“पण भांड्यात असेल तेच लिहायचं, असा नियम—”

“तेच तर लिहिलं. नियमात घालू नको असं कुठे होतं? आणि महिनाअखेर सरकारला काय पाठवू, ओळीनं एकतीस भोपळे? तुझ्या आईनं कुणाकडे असं पाठवलं असतं?”

लुसुंगूच्या आईनं पाठवलं नसतं. त्यामुळे हे सगळं पायवीबाईंना इंग्रजीत सांगताना त्याचा आवाज फार खाली गेला. तारेपलीकडून न्याचावुला म्हणाली, की आपल्याकडे कुदळ आहे, खणायला लागली तर.

गोगोनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पण झाकण धरलेला हात पदराखाली गेला.

पायवीबाई उठून मापाशी गेल्या. मग म्हणाल्या, आजींना आणखी दहा वेळा ओतायला सांगा. गोगोनं दहा वेळा झाकण भरलं, दहा वेळा ओतलं. दहाही वेळा दोन. केसभर वर नाही, केसभर खाली नाही. बाईंनी एकोणीस वर्षांचे तक्ते मागवले, चष्मा लावून दुपारपर्यंत वाचले आणि निकाल दिला. कोरड्या महिन्यांतला प्रत्येक दोन म्हणजे शून्य समजावा. बाकी सगळं चोख आहे. इतका सारखा हात आपल्या प्रयोगशाळेतल्या यंत्राचाही पडत नाही. भांडं इथेच राहील. अट एकच: उद्यापासून पाणी घालायचं नाही, रिकामं असेल तर शून्य लिहायचं.

लुसुंगूनं इतका मोठा श्वास सोडला, की कोंबड्या बाजूला झाल्या. न्याचावुला कुदळ घेऊन घरी गेली. अट मात्र गोगोच्या घशाखाली उतरेना. शेवटी तिनं मान डोलावली, पण म्हणाली, की त्या शून्याखाली माझं नाव लिहू नका.

मग जेवण झालं. निघायच्या वेळी दव मोजायची पेटी दवाच्या थेंबाविना, मोकळीच परत चालली होती. गोगोनं ती कुणालाही न विचारता उघडली आणि शेंगदाण्यांनी गच्च भरली, नळ्यांच्या खाचांसकट. गाडी सुरू झाल्यावरही पायवीबाई एकट्याच कुंपणाशी थोड्या रेंगाळल्या. सगळ्यांना वाटलं, फोटो काढतात.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गोगो जड पावलांनी कुंपणात गेली. आयुष्यातला पहिला भोपळा लिहायचा, म्हणून रस्त्यापलीकडे कुणी नाही ना ते आधी बघून घेतलं. भांडं मापात उपडं केलं. आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि लुसुंगूला फोन लावला.

“आज तीन पूर्णांक एक.”

मग त्यानं विचारलं, “गोगो, तुम्ही घातलंत?”

“मी शब्द दिला होता.”

“मग... पाऊस?”

“जुलैत? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पाहुण्या बाईला विचार. पेटीभर शेंगदाणे घेऊन भांडं रिकामं ठेवून जाईल का ती?”

लुसुंगू अजिजीनं म्हणाला, की कसंही करून शून्य लिहा, नाही तर पुढच्या अहवालात मी याचा खुलासा काय करू?

“भांड्यात आहे तेच लिहायचं,” गोगो म्हणाली, आणि तिनं ते लिहिलंही होतं. “बाई चांगल्या घरची आहे. फक्त हाताला माप नाही.”